रॉनचं पोवळं

२०१६ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. न्यूझीलंडात, हॅमिल्टन नावाच्या गावात, पोराच्या लाकडी घरात, काचेच्या पेटीत कोंडलेल्या समुद्रासमोर बसून मी दिवस काढत होतो. विटा, गिलावा, पुण्यातलं बस्तान, लग्न, बायकोचं जाणं, हे सगळं मागं लिहून झालं. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. म्हाताऱ्याच्या म्हातारपणात कुणाला रस असतो! पण पोराला वाढवून झालं असं आपण धरून चालतो आणि ते झालेलं नसतं. मला ते त्या हिवाळ्यात कळलं, म्हणून एवढं लिहून टाकतो.

आधी घर सांगतो. मी गवंडी माणूस, चौथी पास. माझ्या हातच्या भिंती पुण्यात अजून उभ्या आहेत, त्यातल्या एकीलाही पोपडा नाही. आणि माझा इंजिनियर पोरगा, नितीन, राहतो कुठं, तर फळकुटांच्या खोक्यात. बाहेरून विटा दिसतात, पण त्यांच्यावर घराचा भारच नाही. पहिल्याच दिवशी मी आतल्या भिंतीवर बोटाचं पेर वाजवलं तर ती ढोलासारखी बोलली. नितीन म्हणाला, "आबा, भूकंपाचा देश आहे. लाकूडच बरं." मी म्हटलं, "मग बाहेर वीट कशाला लावली?" "दिसायला," तो म्हणाला. त्या घरात फोडणी घालायची चोरी होती. सुनेनं, अश्विनीनं, मोहरी तडतडवली की छताला चिकटवलेलं एक पांढरं यंत्र बोंबलायला लागायचं. मग एकानं कढई सांभाळायची आणि दुसऱ्यानं टॉवेल घेऊन छताला वारा घालायचा. एका आमटीपायी दोन माणसं आणि एक टॉवेल. अश्विनीला दिवस गेलेले, तिला वर बघितलं की चक्कर यायची, म्हणून टॉवेलचं काम माझ्याकडं.

आणि हॉलमध्ये, जिथं माणूस देव ठेवील, निदान टीव्ही तरी ठेवील, तिथं ती पेटी. म्हशीच्या गव्हाणीएवढी लांब, वर निळे दिवे, आत खारं पाणी, दगड, आणि हाताच्या बोटांवर मोजावेत इतके मासे. दिवसरात्र तिचे पंप घरघर करायचे आणि पाणी खाली उतरताना कुणीतरी गुळण्या करतंय असा आवाज यायचा. मी आलो त्याच संध्याकाळी विचारलं, "हा पट्ट्यापट्ट्यांचा मासा, ह्याचा रस्सा कसा होतो?" नितीन हसला नाही. त्याला वाटलं मी खरंच विचारतोय. मी खरंच विचारत होतो.

मासे म्हणजे नुसता देखावा, खरा जीव पोवळ्यांवर. मला वाटायचं पोवळं म्हणजे अंगठीतला तांबडा खडा. तर तसं नाही, पोवळं म्हणजे जिवंत जनावर, स्वतःचं दगडाचं घर स्वतः बांधतं. हे ऐकून मला पहिल्यांदा त्या पेटीतल्या कुणाबद्दल थोडा आदर वाटला. बाकी सगळा बाजार. नितीननं आत दगड ठेवले, त्या दगडांच्या भोकांतून पोटभाडेकरू निघाले, आणि त्यांना हुसकावण्यात माझ्या पोराचे शनिवार-रविवार जात होते. हिरव्या बुडबुड्यांचं शेवाळ. काचेला चिकटणारे चपटे तांबडे किडे, तिळाएवढे. दगडाखाली सरपटणारी केसाळ अळी. आणि सगळ्यांत वाईट ते तपकिरी गवत: काचेसारखं आरपार, पेराएवढं, डोक्यावर केसांचा झुपका. नाव एप्टेझिया. गवत दिसतं पण तेही जनावरच, शेजारच्या पोवळ्याला डंख करून मारतं. बोट नेलं की भोकात गडप. उपटलं तर जितके तुकडे होतील तितकी नवी उगवतात. मग हा सुशिक्षित माणूस पंप बंद करायचा, गुडघ्यावर बसायचा, श्वास रोखायचा आणि लांब सुई घेऊन एकेका गवताच्या तोंडात पांढरं औषध सोडायचा. गुरांचा डॉक्टर म्हशीला टोचताना इतका वाकत नाही. औषधाच्या बरणीतली चिमूट मी जिभेला लावून पाहिली तर जीभ चरचरली.

"चुना आहे," मी म्हटलं.

"आबा! खाताय काय? काल्कवासर आहे ते. जर्मन शब्द आहे."

"जर्मन असेल. चुना आहे."

"कॅल्शियम हायड्रॉक्साइड."

"म्हणजे चुना."

"टेक्निकली, हो," तो म्हणाला आणि बरणी वरच्या फळीवर ठेवली, पोरांच्या हाताला लागू नये अशी.

एखादा जीव ओळखता आला नाही की तो त्याचा फोटो काढून जगभर पाठवायचा. अनोळखी माणसं उत्तरं पाठवायची, जेवढी माणसं तेवढी नावं. मग हा त्यातलं सगळ्यांत भयानक नाव धरून बसायचा. आपल्या पेटीत काय आहे हे दुसऱ्या देशातल्या माणसाला विचारायचं! माझ्या हाताखालच्या बिगाऱ्यानं असा प्रश्न विचारला असता तर मी त्याला वाळू चाळायला बसवला असता.

त्या छंदाच्या लोकांचं एक मंडळ होतं, त्यात रॉन. माझ्याच वयाचा गोरा. दुधाचे टँकर चालवून निवृत्त झालेला. गवतावर दव गोठलेलं असायचं आणि हा गुडघ्याच्या वर चड्डी नि पायात जँडल, म्हणजे आपली रबरी स्लीपर, घालून दारात उभा. "किया ओरा", म्हणजे तिकडचा रामराम, असं मला म्हणायचा, मी मान हलवायचो. त्याचा खुबा बदलायचा होता. ऑपरेशन झाल्यावर टौरंगाला लेकीकडं जाऊन राहणार होता, म्हणून पेटी बंद केली, मासे वाटून टाकले, आणि एक पोवळं नितीनकडं आणलं. खरं सांगतो, ती वस्तू बघण्यासारखी होती. भल्या मोठ्या फ्लॉवरच्या गड्ड्याएवढं झाड, फांद्या हिरव्या, टोकं निळी. नखाएवढ्या तुकड्यापासून त्यानं ते वाढवलं होतं, नितीनचं लग्न व्हायच्या कितीतरी आधीपासून. तसलं दुसरं बाहेरून आणू म्हटलं तर इथलं सरकार आणू देत नाही. सगळ्या मंडळात नितीनची पेटी स्वच्छ म्हणून त्याच्याकडं दिलं. जाताना रॉननं पेटीच्या काचेवर बोट टेकवलं आणि म्हणाला, "हे तुझं नाही हं, मेट. मला परत पाहिजे." तेवढं एक वाक्य मला त्या माणसाचं आवडलं. आमच्याकडं ह्याला ठेव म्हणतात. कुणाची ठेव घरात आली की घरधन्यानं कमी झोपायचं असतं.

मग विहीणबाई आल्या, लेकीच्या बाळंतपणाला. कोथरूडच्या, निवृत्त शिक्षिका. आल्या त्या दिवसापासून घर म्हणजे त्यांचा वर्ग आणि मी शेवटच्या बाकावरचा. डिंकाचे लाडू, सुंठ, ओवा आणि लुगड्यात गुंडाळलेला तांब्याचा हंडा, तोटीवाला, एवढं घेऊन त्या विमानातून उतरल्या. हंडा ओट्यावर बसला. रात्री भरायचा, सकाळी प्रत्येकानं एक पेला रिकाम्या पोटी. अश्विनीला, नितीनला, मलाही.

"व्याही, पाणी घ्या. पोट साफ राहतं."

माझ्या पोटाची चौकशी माझ्या बायकोनं कधी केली नव्हती. मी पेला घ्यायचो आणि त्या पाठमोऱ्या झाल्या की बेसिनमध्ये ओतायचो.

आता पेटीचं एक काम असतं. दिव्यांनी पाणी उडतं, मीठ मागं राहतं, म्हणून उडालेल्या पाण्याइतकं गोडं पाणी रोज वरून घालायचं. नितीन गॅरेजमध्ये पाणी गाळून प्लास्टिकच्या पिंपात ठेवायचा, आणि तो सकाळी कामावर गेला की घालायचं काम माझ्याकडं. घरात मला दिलेलं टॉवेल सोडून तेवढंच एक काम. विहीणबाईंनी दोन-चार दिवस बघितलं आणि पाण्याचा जग माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाल्या, "तुम्ही लादीवर सांडता. अश्विनी घसरली तर? द्या इकडे." दिला. मग त्यांना पिंप दिसलं. "प्लास्टिकमधलं शिळं पाणी! मुके जीव म्हणून काहीही पाजायचं का?" आणि त्या दिवसापासून गाळलेलं पाणी आधी हंड्यात, रात्रभर तांब्यात मुरलेलं, आणि सकाळी स्तोत्र म्हणत म्हणत पेटीत. माणसांना जे दिलं तेच माशांना, दुजाभाव नाही. मी कोचावर बसून बघत होतो. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. दिसला तो त्यांचा आगाऊपणा. नितीन घरी यायचा तेव्हा पाणी बरोबर खुणेपर्यंत भरलेलं असायचं. तो म्हणायचा, "थँक्यू हं, आई."

वाचणाऱ्याला उगाच टांगून ठेवत नाही. पोवळ्यासारख्या नाजूक बिनकण्याच्या जिवांना तांबं म्हणजे विष. माशांना पचतं, त्यांना नाही. आणि गाळलेलं पाणी तांबं जास्तच ओढून घेतं म्हणे. हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही, नितीनला पाठ होतं. पण पुस्तकातलं तांबं आणि ओट्यावरचं तांबं ह्यांची गाठ त्याच्या डोक्यात पडली नाही. आपल्या घरात हंडा ही भांड्यांतली वस्तू नसते, देवातली असते. तिच्यावर कोण संशय घेणार?

आधी शंखातल्या गोगलगाई गेल्या. उताण्या पडून राहिल्या. मग तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी एके दिवशी दिसेना. मग रॉनचं पोवळं बुंध्याकडून पांढरं पडायला लागलं, चुन्याची भिंत ओल धरते तसं खालून वर. नितीनची झोप उडाली. आणि त्यानं काय केलं? चोर शोधायला निघाला. कोळंबीच्या सांगाड्याशेजारी त्याला ती केसाळ अळी दिसली. संपलं! मेलेल्याच्या शेजारी जो सापडला तो खुनी. पाण्याच्या बाटलीचं नरसाळं उलटं बसवून त्यानं सापळा केला, आत कोळंबीचा तुकडा. चपट्या किड्यांना औषध घातलं. पोवळं बाहेर काढून कसल्याशा तपकिरी पाण्यात बुडवलं, त्यानं ते आणखी पांढरं झालं. मंडळातले दोघे-तिघे येऊन पेटीशी नाकं लावून उभे राहिले. एक म्हणाला खेकडा, दुसरा म्हणाला जिवाणू. अश्विनीनं त्यांना पोहे दिले. पोहे खाऊन ते म्हणाले, जिवाणूच. आणि ते तपकिरी काचेचं गवत, ज्याला मारायला माझ्या पोरानं एवढा चुना घातला, ते मात्र दगडावर टुमटुमीत बसून होतं. हरामखोराला काही होत नाही. आजही मी कुणाला निर्लज्ज म्हणायचं असलं की माझ्या डोळ्यांपुढं तेच येतं.

छडा लावला तो पेटीतले मासे विकणाऱ्या दुकानातल्या पोरीनं. नाकात चमकी, दंडावर गोंदलेलं. नितीननं पाण्याची बाटली नेली. तिनं विचारलं, मासे ठीक आहेत आणि गोगलगाई मेल्या? मग बाटलीत थेंब टाकले, आणि पाण्याचा रंग फिरला. तांबं, ती म्हणाली. दगडांनीही प्यायलं असणार, आता ते हळूहळू परत सोडत राहतील. नितीन घरी आला, स्वयंपाकघरात गेला, ओट्याकडं बघत उभा राहिला. विहीणबाई लाडू वळत होत्या. म्हणाल्या, "काय हवंय?" "काही नाही, आई," म्हणाला आणि मला डोळ्यांनी गॅरेजमध्ये बोलावलं.

सगळं सांगितलं. मग म्हणाला, "आबा, त्यांना एक शब्द बोलू नका. अश्विनीचा नववा महिना आहे. आई मनाला लावून घेतील, रडारड होईल, हिचं बीपी वाढेल."

"नाही बोलत. उद्यापासून पाणी तू घाल म्हणजे झालं. पण रॉनला?"

"रॉनला सांगू, वर्मनं खाल्लं."

"कुणी?"

"त्या अळीनं. असं होतं कधीकधी. कुणाचीच चूक नसते."

मी त्याच्याकडं बघितलं. शर्ट इस्त्रीचा, गळ्यात कंपनीचा बिल्ला. "भिंत पडली की बिगाऱ्यावर ढकलणारे ठेकेदार मी लई बघितलेत," मी म्हटलं. "पण ते निदान माणसावर ढकलायचे. तू अळीवर?"

"आबा, तुम्हाला कळत नाही. छोटं मंडळ आहे. तांब्याचं पाणी घातलं म्हटलं तर हसतील. इंडियन लोक काय करतात बघा म्हणतील. पुन्हा कुणी मला तुकडा देणार नाही."

"मग दुसऱ्या कुणाच्या चांगल्या पेटीत तरी हलव ते."

"मग विचारतील ना, का हलवलं!"

त्याची आई असती तर काय म्हणाली असती माहीत नाही. मी पिंपाला लाथ मारली आणि आत आलो. विहीणबाईंना त्यानं गोड बोलून पाण्याच्या कामातून मोकळं केलं. "बरं," म्हणाल्या आणि दिवसभर भांडी जरा जोरात ठेवत होत्या.

आठवड्यानं रॉन आला. काठी टेकत, दुसऱ्या हातात झाकणाची बादली, अंगात तीच चड्डी. घरी परतून त्यानं पेटी सुरू केली होती, पाणी बसलं होतं, आता आपली वस्तू न्यायला आला होता. त्यांचं बोलणं इंग्रजीत झालं. मला कळलं तेवढं लिहितो, आणि मला सगळं कळलं.

तो पेटीसमोर उभा राहिला. गड्ड्याएवढ्या झाडाचा सांगाडा झाला होता, पांढरा, वर शेवाळ धरलेलं. एका बाजूला वीतभर फांदी तेवढी हिरवी. पंपांची घरघर चालू होती. नितीननं काचेची बरणी पुढं केली. त्यात ती अळी, तळहाताएवढी, अंगभर केस, पाण्यात वळवळत.

"हा सापडला," नितीन म्हणाला. "हाच खात होता."

रॉननं खिशातून चष्मा काढला, बरणी उजेडाकडं धरली. "हा झाडूवाला आहे, मेट," तो म्हणाला. "मेलेलं साफ करतो. मारत नाही."

"ह्याची जात वेगळी असेल."

"असेल," रॉन म्हणाला. बरणी खाली ठेवली, अगदी हळू. "उरलेली फांदी आज घेऊन जातो."

"आत्ता हलवली तर ताण येईल तिला. दोन आठवडे राहू दे. सावरली की मीच आणून देतो."

रॉनची नजर पेटीच्या तळाशी फिरली. एकही गोगलगाय नव्हती. हे काम अळीचं नाही हे, मला वाटतं, त्याला तिथंच उमगलं असणार. तेवढ्यात विहीणबाई चहा आणि चकल्या घेऊन बाहेर आल्या आणि नितीनला मराठीत म्हणाल्या, "ह्यांचं झाड का हो वाळलं?"

"किडा लागला, आई."

विहीणबाई शाळेच्या इंग्रजीत रॉनला म्हणाल्या, "व्हेरी बॅड इन्सेक्ट."

"तसंच दिसतंय," रॉन म्हणाला. त्यानं चकली खाल्ली, चहा संपवला, होणाऱ्या आजीचं अभिनंदन केलं, आणि रिकामी बादली घेऊन काठी टेकत गेला. माझ्या पोरानं त्याच्यासाठी गाडीचं दार उघडलं. दार उघडायला मात्र हुशार.

नितीन परत आला तेव्हा मी म्हटलं, "रिकामी बादली घेऊन गेला तो."

"आबा, प्लीज."

"त्या पाण्यात ती फांदी मरेल."

"नाही मरणार. मी पाणी बदलतोय."

"आणि मेली तर?"

मग म्हणाला, "तर किडा होताच ना."

मी त्याच्याशी त्या रात्री जेवताना बोललो नाही. आज तोच नितीन हे लिहिलेलं टाईप करून देणार आहे, त्यानं हे वाक्य गाळू नये. गाळलं तर मला कळेल.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत मी उठलो. स्वयंपाकघरातला पोळ्यांचा कॅसरोल घेतला, मोठा, ज्यात पोळ्या दुपारपर्यंत गरम राहतात. गॅरेजमध्ये नितीन पाणी बदलण्यासाठी नव्यानं मीठ कालवलेलं पाणी एका वेगळ्या पिंपात कोमट करून ठेवायचा. ते कॅसरोलमध्ये भरलं. मग बाही दंडापर्यंत वर सारून पेटीत हात घातला आणि पकडीनं ती हिरवी फांदी खालून मोडली. कट् असा आवाज आला, ओल्या कौलासारखा. फांदी पाण्याखाली ठेवून झाकण लावलं आणि वळलो तर विहीणबाई, हातात जपमाळ.

"काय चाललंय?"

"रॉनचं रॉनला देतो."

"जावईबापूंना विचारलंत?"

"बापानं पोराला विचारायचं?"

त्यांनी कॅसरोलकडं बघितलं. बाहेर धुकं असं होतं की समोरचं घर दिसत नव्हतं. "इतक्या थंडीत गारठून मरेल ते," त्या म्हणाल्या. "आणि हे पाणी कुठलं? थांबा, माझ्या हंड्यातलं कोमट करून देते. शुद्ध असतं."

इतक्या दिवसांचा सगळा हिशेब त्या वेळी माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. लादीवर सांडतो म्हणून काढून घेतलेला जग, पोटाच्या चौकशा, शेवटचा बाक. एक वाक्य बोललो असतो तर बाई पुण्यापर्यंत मान वर करू शकली नसती. पण ते सांगायचं काम तिच्या जावयाचं होतं. पोरं कामचुकार निघाली म्हणून मी त्यांची कामं फुकटात उरकत नाही.

"नको," मी म्हटलं. "त्याला खारंच लागतं."

"मग निदान हे गुंडाळा." त्यांनी अंगावरची शाल काढून कॅसरोलला गुंडाळली, गाठ मारली, बाळाला बांधावं तशी. मला ते आवडलं नाही, पण गाठ पक्की होती.

त्या गावात चालत कुणी जात नाही. पाव आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात, त्याला ते डेअरी म्हणतात, तिथंही गाडीनं जातात. रॉनचं घर नदीपलीकडं, नितीनबरोबर एकदा बघितलेलं, मी चालत गेलो. पायाखाली गवत काचेसारखं मोडत होतं. नदीच्या पुलावर धुक्यातून एक उघडा-बोडका माणूस पळत आला, "मॉर्निंग" म्हणून धुक्यात गेला. त्याला वाटलं असेल म्हातारा डबा घेऊन कामाला चाललाय. नदी खाली कुठंतरी होती, नुसता आवाज. मी कॅसरोल छातीशी धरला होता, कोटाच्या आत, आणि दर थोड्या वेळानं बोट घालून पाणी बघत होतो.

रॉननं दार उघडलं. मी झाकण काढून दाखवलं.

"नितीननं पाठवलं?"

"नो," मी म्हटलं. मग वाटेत जुळवून ठेवलेलं इंग्रजी एका दमात बोललो. "वर्म नो. कॉपर. इन अवर वॉटर. कॉपर."

तो माझ्याकडं बघत राहिला. "कुणी घातलं?"

"हाऊस," मी म्हटलं. "माय हाऊस."

त्यानं आणखी विचारलं नाही. दोन्ही हातांनी कॅसरोल घेतला, काठी भिंतीला टेकलेली तशीच राहिली, आणि लंगडत आत गेला. त्याच्या पेटीतलं पाणी तो पेल्यापेल्यानं कॅसरोलमध्ये घालत बसला, घाई न करता, फांदीला एकदम नवं पाणी सोसत नाही म्हणून. मध्ये उठून त्यानं चहा केला. गरम पाण्यात पिशवी बुडवलेली, वर गार दूध, आलं नाही, उकळी नाही. असला चहा मी बिगाऱ्यांनाही दिला नसता. तो पिऊन झाल्यावर मी हातानं फोनची खूण केली. त्यानं फोन दिला. मी नितीनचा नंबर लावला.

"आबा? कुठं आहात? टँकमधली फांदी..."

"रॉनकडं आहे. मी पण. तांबं होतं ते सांगितलंय. कुणी घातलं ते सांगितलं नाही, ते सांगायचं की नाही तू ठरव. पण किडा म्हणालास ते खोटं होतं, एवढं तू येऊन तुझ्या तोंडानं सांग."

"आबा, माझी नऊला मीटिंग आहे."

"मी इथंच बसलोय," मी म्हटलं आणि फोन रॉनला परत दिला. मग त्याच्या घराच्या लाकडी पायरीवर जाऊन बसलो, आणि धुक्यात नितीनच्या गाडीचे दिवे दिसेपर्यंत तिथून हाललो नाही.